शेवटचं टॅपिंग
घरच्या स्टॅबिलायझरमधून 'टक्' झालं की मला वार्निशचा वास येतो आणि औरंगपुऱ्यातलं माझं स्टॅबिलायझर बनवायचं दुकान आठवतं. तिथं कॉइल गुंडाळणाऱ्या बाईंनी एकदा न विचारता जादा टॅपिंग ठेवलं, म्हणजे व्होल्टेज फारच पडलं तर ते उचलून धरणारी आणखी एक तार. मी चिडलो, "एवढं खाली कधी जातं का?" त्या म्हणाल्या, "शेठ, आमच्या पडेगावात येऊन बघा. संध्याकाळी बल्ब नुसता बिडीवानी पेटतो!" त्याच कॉइलचा स्टॅबिलायझरचा डबा पडेगावच्या दवाखान्यात लसींच्या फ्रीजला लावला, तो टिकला तरच पुढचं काम आम्हाला मिळणार होतं. दिवेलागणीला आम्ही सगळे मीटरवर वाकलो. दोनशे, एकशे साठ, एकशे तीस! खोलीतला दिवा विझू विझू झाला आणि डब्यातून टक्! रिलेनं, म्हणजे आतल्या आपोआप बदलणाऱ्या स्विचनं, बाईंचं टॅपिंग पकडलं, फ्रीज घुरघुरतच राहिला, आणि मी चक्क उडी मारली. "लई भारी! डोकं कुणाचं हो?" डॉक्टरांनी विचारलं. "आपलंच," मी म्हणालो. बाई टेस्टर पुसत हसल्या, "व्हय, शेठचंच." काम मिळालं, दुकान चाललं. आज खरं लिहितो: त्या डब्यात माझं असं एकच होतं, वर चिकटवलेलं नाव.