साडूभाऊ आणि मागचा सुखराम

आमच्या साडूभाऊंइतका तापट माणूस उभ्या रायपुरात सापडायचा नाही. तात्यापाऱ्यात आमच्याकडे आले की आधी फाटकावर ओरडणार, मग चहावर, मग माझ्यावर. पुतणीच्या लग्नात ड्रायव्हर नवरदेवाची सजवलेली गाडी मागे न पाहताच मागे घ्यायला लागला, तर ह्यांनी व्याह्यांदेखत त्याला खाली उतरवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. आत नवरदेव बाशिंग सांभाळत तसाच! "मागं कोन हाय ते न पाहता गाडी हलवते, त्याले फटकेच पायजे," हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं.

आयुष्य गेलं खाणीत पोकलेन मशीन चालवण्यात. मशीनच्या मागे उभा राहून हाताच्या खुणेनं 'घे, थांब' सांगायचा तो सुखराम, त्यांचा खलासी. दिवसभर त्याला शिव्या, आणि दुपारी डब्यातला अर्धा झुणकाही त्यालाच. झुणक्यात मिरची कमी पडली तरी बोलणी सुखरामला.

मग कंपनीनं साडूभाऊंना शंकर नगरात एसी खोलीत आणून बसवलं. समोर खाण दाखवणारे पडदे, हातात मशीनचे दांडे. इथून दांडा ओढला की मशीन तिकडे खाणीत एकटीच खोदणार. धूळ गेली, कंबरदुखी गेली, आम्ही पेढे वाटले. साडूभाऊ मात्र बसण्याआधी खुर्चीभोवती एक चक्कर मारायचे, मशीनभोवती मारत तशी, आणि दांडा ओढताना ओरडायचे, "सुखराम, हट बे!" शेजारच्या खुर्च्यांवरचे पोट्टे खो खो हसायचे.

एक दिवस कळलं, आता मशीनच्या मागे कॅमेरा लागलाय, म्हणून सुखरामला काढलं. माझंही डोकं फिरलं. अरे, ज्यानं जन्मभर लोकांना त्या मशीनखाली येऊ दिलं नाही, त्याला असा हाकलता? साडूभाऊंनी साहेबाच्या टेबलावर हात आपटला. "सुखराम नाही, तं मी बी नाही!"

साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "ठीक है भैया."

साडूभाऊ घरी बसले, भांड्याकुंड्यांवर राग काढत. शेवटी भनपुरीहून सुखरामच आला. तिथल्या ट्रान्सपोर्टात पोती उचलायला लागला होता. म्हणाला, "भैया, आप तो बैठो कुर्सी पे. दोनों घर का चूल्हा काहे बुझाना?" साडूभाऊंनी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं त्या खुर्चीत जाऊन बसले. तेव्हापासून त्यांचा सगळ्यात जास्त राग स्वतःवरच आहे.

परवा रविवारी माझी गाडी गल्लीतून काढायला तेच बसले. मी मागे उभा राहून हात दाखवत होतो.

"माशा हाकलून राहिला का बे? नीट दाखव!"

मी सुखरामसारखा तळवा उभा धरला. गाडी थांबली. साडूभाऊ आरशात माझ्या तळव्याकडे बघत राहिले.

"बस गाडीत," ते हळूच म्हणाले. "भनपुरीले जाऊ. त्याले शिव्या देऊन लय दिवस झाले."

मी दार उघडलं. मागच्या सीटवर झुणक्याचा डबा त्यांनी आधीच आणून ठेवला होता.