खुंटांना फुटलेली वाट

आमच्या पोचोतियो गावात फुटबॉलच्या गोलाचे खांब एकदा पालवले होते. मी तेव्हा खेळायच्या वयाचा होतो. खांब गिरिपुष्पाचे, ताजे तोडलेले. पावसाळा लागला आणि त्यांना अशी झुपकेदार पालवी आली की पलीकडच्या गावानं मारलेला चेंडू पानांत अडकला, तो खाली यायला तयार होईना. गोल धरायचा की नाही यावर अंधार पडेपर्यंत वाद चालला. पुढं आमचा गोलरक्षक त्याच खांबांना झोळी बांधून पडायचा आणि म्हणायचा, "चेंडू आला की उठवा."

म्हातारे दोन निकानोर वारले (आमच्याकडं मानानं पुरुषाला 'दोन' म्हणतात, बाईला 'दोन्या') तेव्हा घाईत थडग्यावर गिरिपुष्पाचाच क्रूस रोवला. त्यालाही पानं फुटली. पाद्री म्हणाले, उपटून दुसरा लावू. निकानोरांची बायको, दोन्या एर्मेलिंदा, शांतपणे म्हणाली, "हयातीत कधी वेळेवर उठले नाहीत. आता उठताहेत तर उठू द्या."

तर असं हे गाव. इथं कुंपणं लाकडाची नसतात, झाडांची असतात. चंद्र उतरतीला लागला की उन्हाळ्यात फांद्या तोडायच्या, खालचं टोक अणकुचीदार करायचं, वरचं तिरकं कापायचं म्हणजे पाणी साचत नाही, आणि खड्ड्यात उभं करून माती चोपायची. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो, तिथंही शिकवलं नाही. हातच करतात.

आणि या हातांनीच माझ्या नातीची परीक्षा बुडवायला घेतली होती. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

येंद्री माझ्या धाकट्या मुलीची मुलगी. लहानपणी चुलीवरच्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, तिच्या हातून हमखास करपायच्या, कारण ही दारातून अंगणातली सावली सरकताना बघत बसायची. "तितो, सावलीला घाई नाहीये आज," असं काहीतरी म्हणायची. तितो म्हणजे मी, आजोबा. संत्र्याची पानं मांडून ती अंगणात गावं वसवायची आणि कोंबड्यांनी विस्कटली तर रडायची नाही. कोंबड्या कुठून कुठं गेल्या ते बघून तिथं रस्ता करायची. मोठी झाल्यावर राजधानीत विद्यापीठात गेली, मोकळ्या जागा आखायला शिकायला. लोक विचारत, नात काय शिकते? मी सांगायचो, "उघड्या जमिनीला कपडे शिवायला."

आमचा शेजारी एवेलियो मोठा टोचणारा माणूस. एका सुट्टीत तो तिला म्हणाला, "काय गं पोरी, झाडं लावायला विद्यापीठ लागतं होय?"

"झाडं लावायला नाही, दोन एवेलियो," ती म्हणाली. "कुठं लावायची नाहीत, ते कळायला लागतं."

"मग ते मला फुकट विचारायचंस. माझ्या बायकोनं लावलेल्या प्रत्येक जागी लावायची नाहीत."

शिक्षणाच्या शेवटाकडं तिला एक खरीखुरी जागा आखून, लावून दाखवायची होती. तिनं आमच्या दवाखान्यापुढचं पटांगण निवडलं. सडकेपासून दवाखान्याच्या दारापर्यंत नुसती भाजकी माती. पहाटेपासून माणसं येऊन नंबरासाठी उभी राहायची, आणि सूर्य वर आला की एकमेकांच्या सावलीत शिरायची. हे काम पास झालं तर तिची शिष्यवृत्ती टिकणार होती. नाही तर ती परत येणार आणि खरबुजांच्या गोदामात खोकी भरणार, जशी तिची आई भरते. हे ती बोलत नव्हती, पण रात्रीच्या भातात चमचा नुसता फिरवत बसायची.

मार्चमध्ये ती आली ती कागदाची भलीमोठी गुंडाळी घेऊन. कागदावर सडकेपासून दारापर्यंत एक वाट, मधेच नदीसारखी वळलेली, आणि वळणाच्या कुशीत फुलांचे वाफे.

"वाकडी का?" एवेलियोनं विचारलं. "आजारी माणसाला सरळ चालवत नाही म्हणून?"

"सरळ वाटेवर फक्त दार दिसतं," येंद्री म्हणाली. "थांबायचंच आहे तर दुसरंही काही दिसू दे की."

दोन्या एर्मेलिंदा म्हणाली, "मला दार दिसलेलं बरं. ते कधी उघडतं त्याच्यावर माझा विश्वास नाही."

वाट जमिनीवर आखायला तिला काठ्या हव्या होत्या. "कसल्याही चालतील, तितो. चार दिवसांपुरत्या."

आता बघा, "कसल्याही काठ्या" असं वाक्य पोचोतियोत कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. आम्ही कोयते घेऊन निघालो. चंद्र नेमका उतरतीचा. एवेलियोच्या गिरिपुष्पाच्या कुंपणावरचा गुलाबी फुलोरा संपत आला होता. मनगटाएवढ्या फांद्या तोडल्या, वर तिरकं, खाली टोक, पहारीनं खड्डे, आणि माती चोपायला तर बायकाही आल्या. येंद्री कंबरेवर हात ठेवून हसत होती. "अहो, नुसत्या खुणा आहेत! किल्ला नाही बांधायचा."

"खूण हलली तर खूण कसली," मी म्हणालो. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

रोपवाटिकेच्या गाडीतून फुलझाडं आली. नावंही येत नव्हती आम्हाला. पानं तर अशी तुकतुकीत की दोन्या एर्मेलिंदानं एकावर बोट फिरवून खरं आहे का बघितलं. येंद्रीनं गुडघ्यावर बसून एकेक रोप लावलं. कितीतरी वेळ तिचे तळवे मातीवर टेकलेले असायचे. मी विचारलं, "काय ऐकतेस?" तर म्हणाली, "तितो, कागदावर लावलेलं झाड लगेच मोठं असतं. इथं त्याला वाट बघावी लागते. मलाही बघावी लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

जाताना बसच्या पायरीवरून ती ओरडली, "ते खुंट तेवढे काढून टाका." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. पण उन्हाळ्यात जमीन दगडासारखी. पाऊस पडून मऊ झाली की काढू, असं प्रत्येकाच्या मनात. आणि पाऊस पडला तेव्हा खुंट फुटले. फुटलेला खुंट आमच्याकडं कुणी उपटत नाही. जन्मलेल्या वासराला परत पाठवण्यासारखं वाटतं ते.

फुलझाडांचं म्हणाल, तर निम्मी पावसाआधीच सुकली. उरलेल्यांकडं पानं कापणाऱ्या मुंग्यांची वरात लागली. प्रत्येकीच्या डोक्यावर हिरवी छत्री. सकाळी मी कॉफीचा पेला घेऊन गेलो तेव्हा शेवटचं गुलाबी फूल तुकड्यातुकड्यांनी सडक ओलांडत होतं. दिसायला सुंदर होतं, ते नाकारत नाही.

जुलैत येंद्री परत आली. दुसऱ्या दिवशी तिच्या बाई, प्राध्यापिका उगाल्दे, काम बघायला येणार होत्या. पटांगणाच्या कडेला ती उभी राहिली. वाफ्यांत काटक्या. आणि वळणदार वाटेच्या दोन्ही कडांना माणसाच्या छातीइतके हिरवे झुपके, ओळीनं, डुलत.

"हे काढायचे होते," ती हळूच म्हणाली.

"जीव धरलाय गं त्यांनी," एवेलियो म्हणाला. पहिल्यांदाच त्याला टोमणा सुचला नव्हता.

"पण हे माझं काम नाही. माझं काम मुंग्यांनी खाल्लं. उद्या बाई विचारतील, तू काय लावलंस?"

पहाटे मी उठलो तर तिची खाट रिकामी. पटांगणात धुकं जमिनीलगत पसरलेलं होतं, दुधासारखं, आणि त्यात येंद्री एका खुंटाला दोन्ही हातांनी हलवत होती. मी कडेलाच थांबलो. तिचं पास होणं त्या हातांत होतं, मी कोण बोलणारा. माती ओली; खुंट सुटला आणि त्याच्याबरोबर पांढऱ्या मुळांचा गुच्छ वर आला, बाळाच्या बोटांसारखा. ती तो मांडीवर घेऊन तिथंच बसली.

तेवढ्यात नंबरवाली माणसं येऊ लागली. सडकेवरून दोन्या एर्मेलिंदा आली, छत्री मिटून. मोकळं पटांगण समोर होतं, दार सरळ दिसत होतं, तरी ती वाटेनंच वळली. हिरव्या झुपक्यांना हात लावत लावत, मधे थांबत, परत चालत. तिच्यामागून एक बाई, कडेवर मूल. तीही वळली. मूल पानं ओढत होतं. धुक्यात नुसती डोकी दिसत होती, आणि ती डोकी नदीतल्या होड्यांसारखी वळण घेत होती.

येंद्री बघत राहिली, जशी चुलीपाशी बसून सावली बघायची. मग म्हणाली, "तितो, वळताहेत."

"खुंट फुटल्यापासून रोजच वळतात."

तिनं खड्डा हातानं उकरला, खुंट परत उभा केला आणि माती चोपली. अगदी आमच्यासारखी, टाचेनं.

प्राध्यापिका बाई आल्या, हॅट घालून. काटक्यांचे वाफे बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "आराखड्यातली झाडं कुठायत?"

"मुंग्यांनी नेली," येंद्री म्हणाली. "मी या मातीत काय टिकतं ते न बघता निवडली होती."

"आणि ही?"

"ही मी लावली नाहीत. खुणेच्या काठ्या आहेत. गावानं रोवल्या, त्यांना वाईट रोवताच येत नाही."

"मग यात तुझं काय?"

येंद्रीनं वाटेकडं बोट केलं. "वळण माझं आहे."

बाई वाटेवरून दारापर्यंत गेल्या, परत आल्या, मग पुन्हा गेल्या. दोन्या एर्मेलिंदानं वाटेच्या टोकाला, दारापाशी असलेल्या बाकावर सरकून त्यांना जागा दिली आणि विचारलं, "नंबर घेतलात का? नाहीतर दिवस जाईल." त्या टेकल्या. वाटेकडं बघत म्हणाल्या, "वाफ्यांत तू नापास आहेस, येंद्री. वाटेत पास. पण एका अटीवर. ही झाडं वाढली की छाटावी लागतील. दर उन्हाळ्यात येऊन छाटायची, आणि प्रत्येक खेपेला सावली कुठवर आली ते काढून मला पाठवायचं."

एवेलियो मागून पुटपुटला, "छाटायलाही विद्यापीठ?" पण ते कौतुकानं होतं, मला कळलं.

येंद्री आता कामाला आहे, शाळांची अंगणं आखते. नवीन जागी गेली की आधी नुसती बसते, म्हणे, माणसं कुठून कुठं जातात ते बघत. कागद नंतर. आणि उन्हाळा आला, चंद्र उतरतीला लागला, की कोयता घेऊन इथं येते. झाडांची डोकी वर एकमेकांना भेटली आहेत. फेब्रुवारीत वाट गुलाबी होते, वर आणि खालीही, आणि मला काही दुखत नसलं तरी मी सकाळी जाऊन बाकावर बसतो. नंबर घेत नाही. गोष्टी सांगायला ती जागा बरी, तिथली माणसं पळून जात नाहीत.

यंदा छाटून परत आली तेव्हा तिच्या हातात एक काठी होती, छाटलेल्या फांदीचीच, टेकायला घेतलेली. माझ्या स्वयंपाकघराच्या दारापाशी बूट काढायचे म्हणून तिनं ती जमिनीत खोचली, आत येऊन माझ्या हातची कॉफी प्यायली, आणि बस पकडायच्या घाईत ती तिथंच विसरून गेली. दार उघडलं की काठी वाटेतच येते. मी तिला वळसा घालून जातो, आणि जाता जाता तांदूळ धुतलेलं पाणी तिच्या बुडाशी ओततो.