शून्यावर थांबलेला काटा

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. गोदावरीकाठच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. धरणाच्या फुगवट्यावर पूल होत होता. खोल पाण्यातल्या खांबावर काँक्रीटचे ठोकळे रचून तो किती भार पेलतो, याची चाचणी चालली होती. खांब किती दबतो, ते मोजायला काटे लावले होते.

एका नावाड्याचा फोन आला. चाचणीवाल्यांची ने-आण तोच करायचा. "साहेब, कायतरी गडबड हाय. ठोकळे चढत्यात, काटा शून्यावरच. अन् ही लोकं हसत्यात."

खबर डायरीला घेतली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा सुपरवायझर तक्रार घेऊन हजर. त्याचं म्हणणं, नावाड्याला कामावरून काढलं, म्हणून रागात त्यानं मोजणीचा एक काटा चोरला. कामावरून काढलेला माणूस डूख धरतो, हे मी पाहिलेलं. खबरही त्यातूनच आली असावी, असं वाटलं. बाजाराच्या दिवशी, चावडीसमोर, सगळ्यांदेखत त्याला जीपमध्ये घातलं.

"काटा कुठाय?"

"चोरला असता तर आधी तुम्हालाच फोन केला असता व्हय? लईच येडा चोर म्हणायचा मी!"

हवालदार हसला. मला मात्र ते खटकलं. सुपरवायझरला पुन्हा बोलावलं. तीनदा वेगवेगळं फिरवून विचारलं. तिन्ही वेळा तेच शब्द, "खांब तसूभरही दबला नाही." खरं सांगणाऱ्याचं थोडं मागंपुढं होतंच. हा पाठ करून आला होता.

सरकारी अभियंत्याला विचारलं. ते म्हणाले, "एवढ्या भारानं खांब थोडा तरी दबतोच. शून्य येणारच नाही." त्यांना, पंचांना आणि सुपरवायझरला घेऊन नावेनं खांबापाशी गेलो. काटे ज्या पट्टीवर बसवतात तिला वेगळा आधार लागतो. इथं ती खांबाच्या लोखंडी कवचालाच वेल्डिंगनं जोडलेली. खांब खाली गेला की काटाही त्याच्याबरोबर खाली जायचा. मग शून्यच दिसणार.

सुपरवायझरनं कबूल केलं. "खोल पाण्यात वेगळा आधार रोवायला वेळ लागतो, साहेब. वरून घाई होती." चोरीचा काटा त्याच्याच खोलीत निघाला. फेरचाचणीत खांब मर्यादेपलीकडे दबला आणि काम थांबलं. शाबासकी मला मिळाली.

नावाड्याला सोडायला मीच निघालो. फाट्यावर तो म्हणाला, "चावडीपर्यंत चला ना, साहेब. सगळ्यांसमोर नेलं, सगळ्यांसमोर सोडा."

मला बैठकीची घाई होती. "सुटलास ना, जा आता," म्हणून त्याला तिथंच उतरवलं. गावानं त्याच्या नावेत बसणं सोडलं, हे मला पुढं कळलं. तरीही मी गेलो नाही.

संशयिताला सोडलं की आपलं काम संपतं, असं मी तोवर समजत होतो. तो चोर नव्हता. खबर त्याचीच होती, आणि खरी होती. चावडीसमोर बोलायचं ते इतक्या वर्षांनी इथं लिहितो आहे.