श्रीरंगची बारा मॉडेलं

श्रीरंग, हे पत्र मी तुला फोनवर वाचून दाखवणार आहे, कारण पाठवलेलं तू उघडत नाहीस. शुक्रवारी प्रबंध द्यायची शेवटची तारीख. नववं वर्ष आहे, विद्यापीठ आणखी मुदत देणार नाही, आणि पीएच.डी. नाही तर कॉलेज तुला पक्कं करणार नाही. आता तरी मझौलीला जा!

एवढं लिहून विनताबाईंनी पेन आपटलं. गणित शिकवून निवृत्त झाल्याला चौदा वर्षं झाली, तरी त्यांच्या गोरखपुरातल्या घरी श्रीरंग शंका घेऊन येई, चहा पिई आणि सल्ला तेवढा टेबलावर ठेवून जाई.

विषय काही डोंगर नव्हता. जवळच्या मझौली गावातल्या गुणवंत नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरचा पंप. विजेचे चार दाब, पाण्याच्या तीन पातळ्या. म्हणजे बारा परिस्थिती. प्रत्येकीत मोटारीचं एक गणिती मॉडेल आणि पंपाचं एक. मोटर पंपाला फिरवते, म्हणून दोघांचा गुणाकार केला की सबंध यंत्रणा हाती येते. हे बारा गुणाकार तो वर्षानुवर्षं हातानं करत बसला. मग गुणवंतनं पंपच बदलला आणि केलेलं सगळं पाण्यात गेलं. पुन्हा मोजणी, नवा तक्ता. तेव्हाच विनताबाईंनी त्याला सुनावलं होतं.

"आता तरी दोन्ही तक्ते संगणकाला दे. एका आज्ञेत बारा होतात. हातानं काहून?"

"ताई, प्रत्येकाकडे लक्ष द्यावं लागतं ना."

"बारशाला आलेत का ते, लक्ष द्यायला?"

गेल्या महिन्यात एकदाचं ऐकलं. उत्तर आलं तसा पेढेच घेऊन आला. विनताबाईंनी पेढा तोंडात टाकला, आलेख पाहिले आणि तो कसाबसा गिळला.

"अरे, एकशेसाठ व्होल्टची मोटर दोनशेवीसच्या पंपाला जोडलीस! मोटारीचा तक्ता कमी दाबाकडून वर, पंपाच्या ओळी मागेपुढे. संगणक नावं विचारत नाही, जागेला जागा गुणतो. आकार जुळला की झालं त्याचं. कोणती ओळ कुठली आहे?"

"ते वहीत आहे."

"वही कुठे?"

"गुणवंतकडे राहिली. चलो, रविवारी घेऊन येऊ. तुम्ही पण चला."

पहिल्या रविवारी स्कूटर बिघडली. दुसऱ्याला सासरे आले. तिसऱ्याला म्हणाला, "ताई, अंदाजानं लावून पाहून राहिलो." चौथ्याला त्यानं फोनच उचलला नाही, म्हणून हे पत्र.

बुधवारी त्यांनी ते फोनवर वाचून दाखवलं, शेवटच्या उद्गारचिन्हासकट.

"उद्या सात वाजता नक्की येतो, ताई."

गुरुवारी सातला विनताबाई चपला घालून दारात. अकराला फोन वाजला, वही काढून ठेवलेल्या गुणवंतचा.

"दीदी, कापी निकाल के रखी है. भैया आए नहीं?"

त्यांनी लगेच श्रीरंगला लावला.

"ताई, रागावू नका. संगणकावर भरवसा नाही वाटला, पुन्हा हातानं करून राहिलो. तीन झालेत."

"हातानं? आणि कोणत्या मोटारीला कोणता पंप, ते?"

"तेच विचारायला तुम्हाला फोन करणार होतो."

विनताबाईंनी फोन ठेवला, चपला काढल्या. वही मझौलीतच राहिली.