पूजेला न बसलेला चाकू

माझा भाऊ गेनबा म्हसमाऱ्या म्हनून मेला. वेल्ह्याच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याशी आमची वाडी, उंबरे असतील तीसेक. त्या तीस उंबऱ्यांत गाभन म्हैस मारनारा म्हनून त्येचं जे नाव पडलं ते पडलंच. ज्या पोरांचे शेंबूड त्येनं पुसले, ती पोरं बी मागनं म्हसमाऱ्या म्हनायची. लोकांच्या तोंडाला हात कोन लावनार? पर आज माझं ऐकून घ्या. लई वर्सं ही गोष्ट माझ्या नरड्यात अडकून हाय.

पयल्या लढाईत गेनबा पलटनीतनं बसऱ्याला गेला आन वीस साली परत आला. येताना लोक ट्रंका आनत्यात, घोंगड्या आनत्यात. ह्येनं आनला एक चाकू! पात वीतभर, मूठ काळी, आन ती पात मुठीत मिटायची. मिटला की मक्याच्या कनसाएवढा व्हायचा.

वाडीतल्या गड्यांनी हसून घेतलं. आमच्याकडं गडी रानात निघाला की कमरंला मागं लाकडाची आकडी आन आकडीत कोयता. चालताना तो कोयता ढुंगनावर आपटला पायजे, तवा कुठं गडी गडी वाटतो. आमचा चुलतभाऊ आनंदराव एकदा पारावर सगळ्यांम्होरं म्हनला, "गेनबा, ह्यो चाकू हाय का बायकांचा अडकित्ता?"

"आनंदा, तुझा कोयता रखवालदाराला कोसावरनं दिसतो," गेनबा म्हनला. "माझा कोपरीच्या खिशात निजतो."

आन ते खरंच व्हतं. राखीव रानात कोयता-कुऱ्हाड घिऊन शिरलं की रखवालदार हत्यार काढून घ्यायचा. गेनबाला कुनी अडवायचं न्हाई. बैलाच्या खुरातला काटा काढायचा, जुवाची वादी कापायची, येल छाटायचा, समदं त्या चाकूनं. फांदी तोडायला त्यो चालायचा न्हाई. कोयत्याचं वजन त्येच्यात कुठलं? हानला तर पात खिळ्यात डुगडुगायची. गेनबा ते कबूल करायचा. "तोडायला कोयता, कापायला ह्यो," म्हनायचा. तोंडाचा फटकळ, पर खोटं बोलायचा न्हाई. उभ्या जल्मात एकदाच बोलला, तेच सांगायला बसलेय मी.

आता माझं. मी धोंडाबाई, त्येची धाकटी भन. मला उत्रोलीला दिलेली. सात वर्सं पोटी पोर न्हाई, तवा सासूनं लेकाला दुसरी बायको केली आन मला म्हनली, "जा, म्हायेरी चार दिस ऱ्हा." ते चार दिस अजून सरले न्हाईत! वाडीत आले तर हितं बी कुजबुज. नवऱ्यानं टाकलेली, पांढऱ्या पायाची. आनंदराव तर चावडीत बोलला, "ऱ्हाऊ द्या बापडी. पर हिच्या पायानं वाडीत काय इपरीत झालं, तर तिची बोळवन करावी लागंल." कुठं करनार बोळवन? सासरचं दार बंद, म्हायेरचं असं. माझ्या भावजयीला, सगुनाबाईला, मी जड झालेली. ती मनानं वाईट न्हवती, पर भाकरी वाढताना भांडं जरा जोरात ठिवायची.

गेनबानं मला एक रेडी आनून दिली. म्या तिला पोरीवानी वाढवली. भिंगरी तिचं नाव. सत्तावीस साल लागताना ती पयल्यांदा गाभन ऱ्हायली. गेनबा म्हनला, "धोंडे, ही याली की घर हिच्या दुधावर चालंल. मग तुला उंबऱ्याभायेर काढायची कुनाची छाती न्हाई." माझा जीव त्या म्हशीच्या पोटात व्हता, दुसरीकडं कुठंच न्हवता.

त्या साली खंडेनवमीला घडलं. आमच्याकडं नवमीला घरातलं समदं लोखंड धुवून पाटावर मांडत्यात. कोयता, कुऱ्हाड, खुरपं, नांगराचा फाळ, विळी सुदीक. हळद-कुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठिवायचं, आन दसऱ्याची पूजा झाल्याबिगार हात लावायचा न्हाई. भाजी बी आदल्या दिशी चिरून ठिवायची. त्या दिशी पात चालवली तर देवीचा कोप व्हतो म्हनत्यात. दुसऱ्या दिशी शीव ओलांडून आपट्याची फांदी तोडायची, आन त्या आपट्यावर पयला घाव घालायचा मान आमच्या घराचा. गेनबाला त्या मानाचं भारी अप्रूप. आठ दिस आधीपास्नं कोयता घासत बसायचा.

वयनी पाट मांडत म्हनली, "त्यो चाकू बी आना की हिकडं."

"त्यो नगं," गेनबा म्हनला. "त्यो पलटनीचा. त्येची पूजा नगं."

"ऱ्हाऊ द्या मग! मिटतंय ते कसलं हत्यार?" वयनी हसली आन त्यो चाकू त्येच्या खिशातच ऱ्हायला.

दुपार कलायच्या आत मी भिंगरीला चारून परत आनत व्हते. घळीच्या कडंनं वाट, गवत कमरंएवढं, खाली तांबडी माती अजून ओली. आमची आय सांगून मेली, दावं हातात धरावं, हाताला गुंडाळू नये. पर म्हैस गाभन, घसरली तर मी धरीन, म्हनून म्या मनगटाला तीन येढे दिले. काय माझं शहानपन! अशा धिप्पाड म्हशीला मी धरनार व्हते.

भिंगरीनं कडंच्या गवताला तोंड घातलं आन तिच्या पायाखालची माती गेली. तिच्यासंगं मी. फरफटत सात-आठ हात खाली गेले आन एका अंजनीच्या खोडावर आदळले. दाव्यानं त्या खोडाला येढा घातला आन त्या येढ्यात माझा उजवा हात चेपला. भिंगरी माझ्या खाली एका खडकावर फुडचे पाय टेकून उभी, मागचं धड घळीवर. ती हालली की दावं आवळायचं. मनगट काळं-निळं पडाय लागलं, बोटं सुजली. डाव्या हातानं येढा सोडाय बघितलं तर नख बी शिरंना. वर वाट, खाली घळ, मधी मी. वरडू वरडू घसा बसला.

गेनबा खाचराकडनं धावत आला. वरनं त्येचं तोंड दिसलं आन मला रडू फुटलं. त्यो खाली उतराय लागला तर माती सुटली, दगड माझ्या डोस्क्याशेजारनं गेला. दोघांचं वजन त्या कडंला पेलनार न्हवतं. त्यो परत वर चढला आन हाका माराय लागला. तेवढ्यात आनंदराव आला, रिकाम्या हातानं.

"कोयता कुठं हाय तुझा? लांब काठीला बांधून दावं तोडू!"

"पाटावर हाय. आज नवमी हाय, गेनबा!"

"तिचा हात चाललाय, मुडद्या!"

"गुरवाला इचारतो. देवीनं कौल दिला की लगीच आनतो." आन पळाला बाबा देवळाकडं! मी हितं लोंबकळतेय आन हे देवीला इचारायला गेले. आजून आठवलं की माझं टाळकं फिरतं.

गेनबानं खिशातनं चाकू काढला. "धोंडे, ह्यो खाली टाकतो. झेल."

"नगं, दादा! दावं कापलं तर भिंगरी जाईल!"

"तू जाशील."

"भिंगरी गेली तर मी कुठं जाऊ? सांग की! कुठं जाऊ मी?"

"आधी ऱ्हा तर खरी. मग कुठं जायाचं ते बघू."

त्येनं चाकू मिटलेलाच सोडला. कोयता असता तर सोडता आला नसता, माझं डोस्कंच फुटलं असतं. चाकू माझ्या वटीत पडला. पर उघडायचा कसा? त्येची कमान लई घट्ट, दोन हात लागायचे, आन माझा एकच मोकळा. डाव्या अंगठ्याचं नख मोडलं, पात जागची हालंना. तिकडं भिंगरी घोगरं वरडाय लागली आन माझ्या मनगटात कायतरी कट्कन वाजलं.

"दातानं धर!" गेनबा वरडला. "पातीची पाठ दातात धर आन मूठ खाली वढ!"

म्या तसंच केलं. व्हट फाटला, तोंडात लोखंडाची आन रगताची चव आली, पर पात उघडली. दावं कापाय लागले तर पात उलटून बोटावर मिटली. वरनं त्येनं सांगितलं, "रेटू नगंस, मिटंल. वढून काप. आपल्याकडं वढून."

परत दातानं उघडला. मग मी भिंगरीकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत व्हती. गुरं संकटात धन्याकडं बघत्यात, त्यास्नी वाटतं आता हा सोडवंल. पोटातलं रेडकू हालताना दिसत व्हतं. म्या डोळे मिटले आन वढून कापलं. पयला पीळ तुटला, दुसरा तुटला, तिसरा वजनानंच गेला. घडीभर काय आवाज आला न्हाई. मग आला.

गेनबानं फेटा सोडून खाली टाकला. म्या त्यो काखंखालनं बांधला आन त्येनं मला वर वढून घेतलं. माझ्या हातातला चाकू काढून घिऊन त्यो गवताला पुसत बसला. तवर आनंदराव, गुरव आन चार गडी आले. आता कोयता व्हता, पात्याला झेंडूचं फूल चिकटलेलं. आनंदरावानं घळीत वाकून बघितलं.

"गाभन म्हैस गेली. नवमीच्या दिशी." मग त्यो आमच्याकडं वळला. "दावं कुनी कापलं?"

म्या तोंड उघडलं. गेनबानं माझा सुजलेला हात असा दाबला की डोळ्याम्होरं अंधारी आली.

"म्या," त्यो म्हनला. "म्या कापलं. धोंडी नगंच म्हनत व्हती."

घरी जाताना म्या त्येला इचारलं, असं का केलंस. त्यो म्हनला, "तुझ्या नावावर पडलं तर तुला काढत्यात. माझ्या नावावर पडलं तर नुसतं नाव पडतंय. गप ऱ्हा." मी गप ऱ्हायले.

दुसऱ्या दिशी शिवंवर सगळे जमले. गेनबा कोयता घिऊन म्होरं झाला तर गुरवानं हात आडवा केला. नवमीला पात चालवून दोन जीव घेतलेल्याचा घाव देवीला चालनार न्हाई म्हनला. मान आनंदरावाला गेला. गेनबा मागं जाऊन पोरांत उभा ऱ्हायला.

मला कुनी वाडीभायेर काढलं न्हाई. उलट बायका म्हनायच्या, बिचारीची म्हैस भावानं मारली. आन मी ते ऐकून घ्यायचे! वयनी त्येला टोचून बोलायची, घराचा मान घालवला म्हनायची, त्यो खाली मान घालून भाकरी मोडायचा, आन मी शेजारी बसून कालवन वाढायचे. दर साली वाटायचं, ह्या दसऱ्याला सांगावं. मग वाटायचं, सांगितलं तर मला काढत्यात, आन त्येनंच तर गप ऱ्हा म्हनून सांगितलंय. त्या अंजनीच्या खोडाला हात चेपलेला घडीभर. ह्यो गप बसल्याचा येढा मात्र सुटायचं नाव घेईना.

त्रेचाळीस साली, दसऱ्यामागनं, गेनबा तापानं गेला. तेरावं झाल्यावर मी वयनीम्होरं जाऊन बसले. म्हनले, "वयनी, दावं त्येनं न्हाई कापलं. म्या कापलं."

वयनी तांदूळ निवडत व्हती. तिनं वर बी बघितलं न्हाई.

"ठावं हाय, वन्सं. तुमचं बोट चिरलेलं, व्हट फाटलेला. त्यांच्या अंगावर ओरखडा न्हवता. मला का दिसत न्हाई?"

"मग बोलला न्हाईत कवा?"

"त्यांनी मला देवीची आन घातलेली. म्हनले, तिनं सांगितलं पायजे, आपन न्हाई." वयनीचा हात सुपात थांबला. "लई जीव जळायचा तवा टोचून बोलायचे त्यानला, तुमच्याम्होरं. म्हनलं, ऐकून तरी बोलाल. तुमी कालवन वाढायचा. दर दसऱ्याला सकाळी त्ये फेटा बांधून, कोयता घासून वसरीवर बसायचे. वाडीचं बोलावनं यायचं न्हाई, तरी बसायचे. मी म्हनायची, उठा आता, गेले समदे. तर म्हनायचे, थांब जरा. धोंडी बोलंल आज."

सोळा दसरे. आन मी आत बसून म्हनत व्हते, त्येचा शब्द पाळतेय.