तीन टक्के

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे दुर्बीणबाई म्हणतात. काम तसंच आहे. कुठे नवी इमारत उठणार असली की बाई आजूबाजूची सगळी वस्ती मजले, गच्च्या, खिडक्यांसकट कॉम्प्युटरवर उभी करतात आणि नव्या भिंतीमुळे कुठल्या खिडकीतून किती दिसेनासं होईल ते काढतात. उत्तर टक्क्यांत येतं. पाचाच्या आत असलं की ‘नगण्य’ लिहायचं आणि सही ठोकायची.

बाईंना एक खोड आहे. सही झाल्यावरही त्या दोन-चार खिडक्यांत स्वतः जाऊन बसून येतात. “काय बाई, हवा खायला का?” असं आम्ही चिडवायचो. मीसुद्धा.

चौकातल्या इमारतीच्या फाइलवर अशीच सही झाली होती. समोरच्या दुसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी राहते, तिची खिडकी तीन टक्के. बाई तिच्या मशीनशेजारी जाऊन बसल्या. ती जन्मापासून बहिरी. चार टाके घातले की मान वर, पुन्हा चार टाके. बाईंना वाटलं, आपल्यालाच बिचकतेय. तेवढ्यात चौकापलीकडच्या इस्त्रीच्या दुकानाच्या दारात एकजण आली, तिने हात नाचवले, हिने नाचवले आणि दोघी पोट धरून हसल्या. ती धाकटी बहीण, तीही बहिरीच. तीस वर्षं दोघींच्या गप्पा अशा चौकाच्या डोक्यावरून चालल्या होत्या. बाईंनी नकाशा उघडून पाहिला. नव्या इमारतीचा जिना बरोबर त्या दाराच्या आड येत होता. तीन टक्के म्हणजे ते दार.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांपुढे उभ्या राहिल्या. “माझं चुकलं. सही मागे घेते.”

“तीन टक्क्यांसाठी? अहो, हल्ली फोनवर दिसतं सगळं.”

“एका हातात फोन धरला तर ती शिवणार कशी आणि बोलणार कशी? आणि साहेब, तुमच्या अंगात डोळे किती टक्के असतील?”

साहेब भडकले. जिना मागच्या बाजूला न्यायला सात महिने भांडावं लागलं. बाईंना लेखी समज मिळाली, बढती गेली. आम्ही सगळे तोंडाला कुलूप लावून बसलो, याची मला आजही लाज वाटते.

इमारत झाल्यावर मी बाईंबरोबर त्या खिडकीत गेलो. भिंतीच्या कडेला लागूनच दुकानाचं दार लख्ख दिसत होतं. धाकटीने आम्हाला पाहिलं आणि भराभर हात हलवले. थोरली हसली नाही. तिने खडूने कापडावर लिहून बाईंपुढे धरलं: ‘ती विचारतेय, बाई एवढ्या का वाळल्या? जेवत नाहीत का?’

बाई रोज दुपारी माझ्यासमोर बसून डबा खातात. मला दिसलं नव्हतं.