लुव्हिनियाने वाचलेलं पान

साठाव्या वर्षी लुव्हिनिया ग्रिम्बॉल अक्षरं गिरवायला बसली तेव्हा अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनातलं तिचं अख्खं बेट हसलं. जन्म गेला होता शिंपल्यातली कालवं फोडण्यात. हातात इतका जोर, की पेन्सिल धरली की मोडायचीच.

"मावशी, पेन्सिल आहे ती, कालव नाही!" कोरीन म्हणायची.

कोरीनचं केशभूषेचं दुकान. त्याच्या मागच्या खोलीत ती बेटावरच्या काळ्या लोकांना वाचायला शिकवायची. १९५८ साल होतं, पण मतदार म्हणून नाव घालायचं तर गोऱ्या कारकुनासमोर राज्यघटनेतलं कलम वाचून दाखवावं लागे. आदल्या वर्षी लुव्हिनिया त्याच्यासमोर मुकी उभी राहिली होती. "जा घरी, म्हातारे," असं तो म्हणाला, ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. मरायच्या आत एकदा तरी मत द्यायचंच, असं तिने देवाला सांगून ठेवलं होतं.

त्यांच्या चर्चमध्ये गीतांची पुस्तकं दोन, वाचता येणारेही मोजकेच. म्हणून चर्चचे कारभारी, डीकन आयझॅया, एक ओळ सांगणार, थांबणार, मग सगळ्यांनी ती आळवून म्हणायची. लुव्हिनियाने घटनेतलं कलमही तसंच चाल लावून, कालवं फोडता फोडता घोकलं.

मार्चमध्ये डीकनच्या गाडीतून कोरीन धरून सहा जण कोर्टात गेले. पहिला नंबर तिचा. कारकुनाने तेच कलम पुढे सरकवलं. तिने वाचायला सुरुवात केली, पण घाबरलेल्या जिभेने नेहमीची वाट धरली. तिने पहिली ओळ चक्क गाऊन म्हटली आणि सवयीने थांबली.

बाहेर ओसरीत बसलेल्या पाच जणांनी ती ओळ झोकात उचलली.

"कोर्ट आहे का चर्च?" कारकून खेकसला. "पाठ करून आलीस होय? हे वाच आता." त्याने भलतंच पान उघडलं.

या पानाला चाल नव्हती. बाहेरून साथही मिळणार नव्हती. 'बापा, आता तूच,' ती मनात म्हणाली आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. चार शब्द सरळ गेले. पाचवा मात्र लांबलचक, तोंड घट्ट मिटलेला. कारकून हसला. लुव्हिनिया तशा हजारो मिटल्या तोंडांना ओळखून होती. कालवावर नुसता जोर करून चालत नाही. सांधा शोधावा लागतो, सुरी तिथूनच आत जाते. तिने शब्दाचा सांधा शोधला, अर्धा उच्चारला, मग उरलेला अर्धा. शब्द उघडला. मग पुढचा. घाम आला, पण पान संपलं.

कारकुनाने बराच वेळ घड्याळाकडे पाहिलं. शेवटी नोंदवही तिच्याकडे वळवली.

"सही कर, लुव्हिनिया."

"मिसेस ग्रिम्बॉल," ती शांतपणे म्हणाली आणि तेच पूर्ण नाव लिहिलं. पेन मोडलं नाही.

बाहेर आल्यावर कोरीनने तिला मिठी मारली. "अगं मावशी, गायलीस काय तिथे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं साथ द्यायला?" लुव्हिनिया म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडल्या.

रविवारी चर्चच्या दारात डीकन आयझॅया मोठमोठ्याने सगळ्यांना हाका मारत होते. आत आल्यावर मात्र गळ्याला हात लावून म्हणाले, "आज माझा घसा बसलाय. मिसेस ग्रिम्बॉल, ओळ तुम्ही सांगा."

त्यांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने बोट ठेवलं, ओळ वाचली आणि थांबली.

सगळं चर्च तिच्यामागून गाऊ लागलं.